नलूआत्याचं मुगाचं फडकं

सकाळी माझ्या चुलतभावाचा, राजूचा फोन आला तेव्हा मी कचेरीला निघायच्या घाईत एका हातानं पदराला पिन लावत होते. "मंगलताई, आत्या गेली," तो म्हणाला. त्यावर माझ्या तोंडून जे पहिलं वाक्य निघालं ते इथे लिहायला लाज वाटायला हवी. पण फारशी वाटत नाही, कारण आमच्या घरातलं दुसरं कोणीही तेच म्हणालं असतं. मी विचारलं, "काय खाल्लं होतं तिनं?" राजू अगदी गंभीरपणे म्हणाला, "राती वरणभात. गरम. अन् अर्धा उकडलेला बटाटा." "मग ते नसेल," मी म्हणाले. "हाव, मीबी तोच विचार करून राह्यलो होतो," तो म्हणाला, आणि त्यानंतर आम्हा दोघांना रडू आलं.

डॉक्टरांचं म्हणणं, झोपेतच हृदय थांबलं. ऐंशी ओलांडलेल्या बाईला याहून सोपं मरण कोणतं, असं मलकापूरच्या त्या घरात जमलेलं प्रत्येक माणूस दुसऱ्याला सांगत होतं. आम्हा भाचरांना मात्र ते उत्तर जरा घाईचं वाटत होतं. आत्यानं लहानपणापासून आम्हाला शिकवलं होतं ते हेच, की सोपं उत्तर मिळालं तर आधी ते पाण्यात भिजत घालायचं आणि दोन दिवसांनी त्यात काय वळवळतं ते पाहायचं. आता तिला जाऊन काही आठवडे झालेत. उत्तर बरंच भिजलं. त्यात अजून काही वळवळलेलं नाही, तेव्हा डॉक्टर खरंच बोलले असावेत.

नलूआत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. मलकापूरच्या एका शाळेत तिनं निवृत्त होईपर्यंत जीवशास्त्र शिकवलं. लग्न केलं नाही. पाहायला आलेल्या मुलाच्या हातात चहाचा कप देण्याआधी तिनं त्याची नखं पाहिली आणि तिथेच ते स्थळ संपलं, असं नानाकाका सांगतात. नानाकाका तिचे थोरले भाऊ, राजूचे वडील. घर एकच, खाली नानाकाका आणि राजूचा संसार, वरच्या दोन खोल्यांत आत्या. संशयी स्वभाव बहीणभावांत सारखाच वाटला गेला होता, फक्त तिचा संशय काकडीवर, टोमॅटोवर, कोथिंबिरीच्या जुडीवर जायचा आणि नानाकाकांचा माणसांवर. मी स्वतः बुलढाण्याला एका सरकारी कचेरीत टेबल सांभाळते. घरात माझ्याकडे काम आहे ते गोष्टी सांगायचं. बाकीच्या बायकांना पुरणपोळी जमते, मला ती कशी बिघडली ते सांगणं जमतं.

पंगतीत आत्या शेजारी बसली की भल्याभल्यांची भूक मरायची. ताटातली काकडीची चकती ती चिमटीत धरून उजेडात न्यायची, नोट खरी की खोटी पाहावी तशी. मग वाढणाऱ्याला तिचे ते तीन प्रश्न... "कुणी धुतली? कशात धुतली? आणि हात कशाला पुसले?" पहिल्या दोन प्रश्नांना लोक काहीतरी उत्तर द्यायचे. तिसऱ्याला वाढणारी बाई गप्प व्हायची, कारण तोवर तिचं स्वतःचं लक्ष स्वतःच्या पदराकडे गेलेलं असायचं. चकती अलगद ताटाबाहेर जायची. आत्या कोणाला रागावत नसे, उपदेशही करत नसे. पण तिच्या ताटाबाहेरची ती एक चकती पाहून अख्ख्या ओळीतल्या चकत्या ताटाबाहेर यायच्या, आणि यजमानीण पुढची दोन वर्षं आत्याशी बोलायची नाही.

मी दहाएक वर्षांची असेन. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेचा सूक्ष्मदर्शक आत्या घरी घेऊन यायची, उंदरांपासून सांभाळायला म्हणून. तिनं मुळांसकट कोथिंबिरीच्या दोन काड्या पेल्यातल्या पाण्यात घालून ठेवल्या होत्या. दोन दिवसांनी त्यातला एक थेंब काचेवर घेऊन तिनं मला डोळा लावायला सांगितलं. आधी नुसतं धुकं दिसलं. मग तिनं खालचा स्क्रू फिरवला आणि धुक्यातून एक चपलेच्या आकाराचं काहीतरी इतक्या घाईनं निघालं, जणू त्याची पॅसेंजर सुटून राह्यली होती. त्याच्या मागे बारीक ठिपक्यांची जत्रा. सकाळीच मी कोथिंबीर घातलेलं पोह्यांचं ताट चाटूनपुसून खाल्लं होतं. मी भोकाड पसरलं.

"घाबरतेस कायले?" आत्या म्हणाली. एरवी ती पुस्तकातलं मराठी बोलायची, माया आली की वऱ्हाडीवर यायची. "ते चपलेसारखं आहे ना, ते बिचारं कोणाच्या अध्यात ना मध्यात. मागचे ठिपके दिसतात ते जिवाणू. त्यांतलेही बहुतेक असेच, पानावर जन्मतात, पानावर मरतात. तुझ्याशी त्यांचं काही भांडण नाही. एखादाच वाईट असतो. पण तो कोणता, ते ह्या यंत्रातून ओळखू येत नाही. चेहरे सगळ्यांचे सारखेच."

"मग सगळ्यांलेच मारून टाक," मी म्हणाले.

"सगळ्यांना मारलंस तर दही कशाचं लावशील?" ती म्हणाली, आणि मग तिचं ते वाक्य, जे नंतर आम्ही तिच्या तोंडून शंभरदा ऐकलं: "दिसतं ते चावत नाही आणि चावतं ते दिसत नाही." मी घरी गेले आणि हिरवं म्हणून जे काही असेल ते खाणं बंद केलं. माझ्या आईनं पुढे कित्येक दिवस आत्याला फोनवर 'पोरीले अन्नावरून उठवलं' म्हणून ऐकवलं. आत्याला वाटत होतं, ती मला भेद करायला शिकवते आहे. मी शिकले सरसकट संशय घ्यायला. तो सोपा असतो.

एकदा मलकापूर स्टेशनवर आम्ही गाडीची वाट पाहत होतो. काकड्यांची टोपली घेऊन एक बाई बसली होती. उभ्या चिरलेल्या काकड्या, वर तिखटमीठ, आणि त्या टवटवीत दिसाव्यात म्हणून बादलीतलं पाणी दर दोन मिनिटांनी हातानं शिंपडणं. आत्यानं विचारलं, "हे पाणी कुठलं?" बाई म्हणाली, "नळाचं." "नळाचं कधी होतं?" आत्यानं विचारलं. बाईनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "बाई, काकडी खाता का तिची शाळा घेता?" फलाटावरची माणसं हसली. आत्याही हसली. मग तिनं त्या बाईकडून एक अखंड, न चिरलेली काकडी विकत घेतली, पिशवीतली सुरी काढली आणि साल काढताना मला म्हणाली, "सालीच्या आत कोणी जात नाही. चिरली की मात्र दार उघडतं. त्यात मीठ टाकलं की पाणी सुटतं, वर ऊन... मग पाहुणे काय, राहायलाच येतात." काकडी गोड होती. मी तरीही अर्धीच खाल्ली.

शेगावला दर्शनाला जायची तेव्हा मात्र ती पंगतीत खाली मान घालून, एक प्रश्न न विचारता जेवायची. मला वाटायचं, देवापुढे हिचं शास्त्र नरमतं. एकदा मी तसं चिडवलं. ती म्हणाली, "देवाचा काय संबंध? वरणातून वाफ येत होती, दिसली नाही का तुला? वाफेवर माझा विश्वास आहे." आमच्या घरातली ती एकटीच, जिची श्रद्धा डोळ्यांना दिसायची.

आता ती गोष्ट सांगते जिच्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला बसले. काही वर्षांपूर्वी माझ्या भावाच्या, सुरेशच्या मुलीचं साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. सुरेशचं डोणगावला बी-बियाण्याचं दुकान आहे. साक्षगंध घरीच, अंगणात मांडव घालून. महिना मे. स्वयंपाक दिला होता विमलबाईच्या बचत गटाला. विमलबाई मेहकरकडची, बौद्ध घरातली, आवाज खणखणीत, आणि तिच्या गटासारखी वांग्याची भाजी आसपासच्या गावांत कोणी करत नाही अशी ख्याती. सुरेशनं ख्याती पाहिली. नानाकाकांनी बाकीचं पाहिलं आणि तोंड वाकडं केलं, पण बोलले काही नाहीत.

आत्या दोन दिवस आधीच येऊन दाखल झाली. आल्या आल्या तिनं जाहीर केलं की ताटात काकडी-टोमॅटो येणार नाही. त्याऐवजी ती स्वतः मोड आलेल्या मुगाची कोशिंबीर करणार. आत्याचे मोड म्हणजे आमच्या घरात शुद्धतेची परिसीमा. पाणी उकळून गार केलेलं. मांजरपाटाचं फडकं दरवेळी उकळत्या पाण्यातून काढलेलं. मूग तीनदा धुतलेले. मग त्याचं गाठोडं बांधून उबेला. यावेळी गाठोडी मोठी होती आणि ती ठेवली होती सुरेशच्या बियाण्यांच्या पोत्यांच्या खोलीत, जिथे मे महिन्यात माणूस पाच मिनिटं उभा राहिला तर त्यालाही मोड यावेत.

विमलबाईच्या गटाची तर तिनं रीतसर तपासणी घेतली. सगळ्या बायकांना ओळीत उभं करून हात पुढे करायला लावले. विमलबाई हात पुढे धरून म्हणाली, "पाहून घ्या बाई, नीट पाहा. एवढी नखं तं मह्या सासूनंबी नोती पाह्यली." आत्या न हसता म्हणाली, "सासूला पोटाची काळजी नसते, घराण्याची असते." विमलबाई खदखदून हसली. दोघींचं तिथे जमलं असं म्हणवत नाही, पण एकीनं दुसरीला ओळखलं.

साक्षगंध झालं. जेवणं झाली. कोशिंबीर अशी काही उठली, की मुलाच्या वडिलांनी दोनदा मागून घेतली. मीही दोनदा घेतली. आत्याच्या हातची, म्हणजे शंका नको! दुसऱ्या दिवशी सकाळपासून एकेकाचं पोट बिघडू लागलं. दुपारपर्यंत आमच्याकडची निम्मी मंडळी आडवी होती आणि मुलाच्या वडिलांना दवाखान्यात सलाईन लावल्याचा फोन आला. घरात एकच स्वच्छतागृह. त्याच्या दारासमोर त्या दिवशी ज्या रांगा लागल्या, त्यात मी वयाचा, मानाचा, नात्याचा कशाचाही विचार न करता पुढे घुसले, एवढंच सांगते.

संशय फार वेळ हिंडला नाही. त्याला बसायला जागा तयारच होती. विमलबाई आणि तिच्या बायका घासलेली भांडी मोजून परत न्यायला आल्या होत्या. अंगणात खाटेवर बसलेले नानाकाका मोठ्यानं म्हणाले, "मी तं सुरेशले आधीच म्हटलं होतं. आजकाल कोणाच्याबी हातचं..." वाक्य त्यांनी अर्धंच सोडलं. ते पुरं ऐकू आलं नाही असं अंगणात कोणी नव्हतं. विमलबाईच्या हातात मोठी परात होती. ती तिनं हळूच जमिनीवर ठेवली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. गावातलंच एक घर, त्याच आठवड्यात त्यांच्याकडे लग्न, आणि स्वयंपाक विमलबाईकडे होता. बातमी तिथे आमच्या आधी पोचली होती. त्यांनी नको म्हणून कळवलं. फोन ठेवल्यावर विमलबाई कोणाकडे न पाहता म्हणाली, "भांडे तं घेऊन जाईन मी. पन नाव काय इथंच ठेवून जाऊ? एका गावातून गेलं का तालुकाभर जाते. ह्या पाच जणींचा सीझन गेला समजा."

आत्या उठली. मला वाटलं, आता हिची उलटतपासणी सुरू होणार, आणि झालीच. पण तिनं प्रश्न विमलबाईला विचारले नाहीत, आम्हाला विचारले. कोणी काय खाल्लं, आणि त्याहून महत्त्वाचं, कोण आजारी नाही? मी भिंतीला धरून ऐकत होते. पाणी सगळ्यांनी तेच प्यायलं, विमलबाईच्या बायकांनीही, आणि त्या ठणठणीत. मठ्ठा मुलाच्या वडिलांनी घेतलाच नव्हता, तरी ते दवाखान्यात. भाजी, वरण, पुऱ्या... सगळ्यांच्या पोटात. लहान पोरं अंगणात हुंदडत होती. ती का बरी? पोरांनी कोशिंबीर ताटात तशीच टाकली होती, पोरं टाकतातच. विमलबाईच्या बायका शेवटी जेवल्या, तोवर कोशिंबीर संपली होती. एखाद्या गुप्तहेराच्या चेल्यासारखी मी मनातल्या मनात खुश होऊन राह्यले होते, इतक्यात माझं लक्ष आत्याच्या चेहऱ्याकडे गेलं. तीही बरी होती. तिनं समारंभात नेहमीप्रमाणे फक्त गरम वरणभात खाल्ला होता.

ती पोत्यांच्या खोलीत गेली. मी मागोमाग. उरलेलं एक लहान गाठोडं कोपऱ्यात होतं. तिनं ते सोडलं. मोड इतके देखणे, पांढरेशुभ्र, बोटाच्या पेराएवढे. वासही काही वाईट नव्हता. मी म्हणाले, "ह्यात काय असणार? तू पाणी उकळून घेतलं होतंस."

"पाणी उकळलं," आत्या म्हणाली. "मूग कुठे उकळले?" ती खाली पोत्यावर बसली. "मुगाच्या सालीवर जे कोणी बसून आलं होतं, त्याला मी ओल दिली, ऊब दिली, अंधार दिला. दीड दिवस. मुगाला मोड यायला जे लागतं तेच त्यालाही लागतं गं... मीच शिकवायची हे."

"पण इतकी वर्षं करतेस, कधी काही झालं नाही."

"हो ना. काही झालं नाही, यालाच मी पुरावा समजत आले. घरच्या चार माणसांपुरते, तेही थंडीत करायची." मग फडक्याची टोकं पुन्हा जुळवत ती म्हणाली, "सगळ्यांच्या ताटाला तीन प्रश्न विचारले. ह्या फडक्याला एकही नाही."

आम्ही बाहेर आलो तेव्हा मुलाचे काका मोटारसायकलवरून येऊन उभे होते. चेहरा असा, की साक्षगंध मोडायचं की नुसतं भांडायचं ते अजून ठरलं नसावं. आत्या सरळ त्यांच्यापुढे जाऊन म्हणाली, "मूग माझे होते. भिजवले मी, बांधले मी, पाणी मीच शिंपडलं. मठ्ठा सोडला तर विमलबाईच्या हातचं जे होतं ते सगळं कढईतून वाफाळत आलं होतं. त्या ताटात कच्चं असं माझंच तेवढं होतं."

नानाकाका खाटेवरून उठले. "नले, घरातलं घरात ठेव. पोरीचं लग्न ठरलं आहे."

"मग काय दुसरीच्या दारात नेऊन टाकू, नाना?" ती वळूनही न पाहता म्हणाली.

मुलाचे काका गोंधळले. ते भांडायला आले होते आणि इथे गुन्हा आयता हातात आला होता. "बाई, तुमी हे पक्कं सांगून राह्यल्या का?" त्यांनी विचारलं.

"पक्कं नाही. पक्कं कळायला प्रयोगशाळा लागेल. पण संशय कुठेतरी ठेवायचाच आहे ना तुम्हाला? मग माझ्या गाठोड्यावर ठेवा. विमलबाईपेक्षा ती जास्त योग्य जागा आहे."

सुरेश माझ्याकडे पाहत होता, मी सुरेशकडे. काका मोटारसायकलला टेकले आणि म्हणाले, "दादा तं सलाईनवर बी म्हणून राह्यले होते का कोशिंबीर लय भारी होती." यावर हसावं का, ते कोणालाच कळलं नाही. पण ते चहाला थांबले. इतकं बोलून झाल्यावर चहाला थांबलेला वरपक्ष लग्न मोडत नाही, हा आमच्याकडचा अनुभव.

आत्याचं तेवढ्यानं भागलं नाही. तिनं विमलबाईला घेतलं, आधाराला म्हणून मला घेतलं (आधाराची गरज मला जास्त होती), आणि त्या लग्नघरी जाऊन बसली. तिथल्या घरधन्याला तिनं तेच सगळं पुन्हा सांगितलं. तो भला माणूस मान हलवत होता, पण मानेत दम नव्हता. "बाई, तुमी म्हणता तं असनच. पन लोकं काय म्हणतीन?" आत्यानं विचारलं, "घरात काकडी आहे का?" काकडी आली. ती तिनं विमलबाईच्या हातात दिली. "धू आणि चीर." विमलबाईनं नळाखाली काकडी धुतली, चिरली आणि ताटली पुढे केली. आत्यानं चकती उचलली, आणि मी पाहत होते, ती उजेडात न धरता, एक प्रश्न न विचारता तोंडात घातली. दुसरी घातली. तिसरी. विमलबाईला राहवलं नाही. "काऊन बाई, आज नखं नाही पाह्यली?"

"पाहिली होती की," आत्या म्हणाली, "परवा."

काम विमलबाईकडेच राहिलं. सलाद मात्र नको, अशी अट घालून. माफी कोणी मागितली नाही, ना त्या घरानं, ना नानाकाकांनी. परत येताना आत्या माझ्या कानाशी लागून म्हणाली, "ह्यानं काहीएक सिद्ध होत नाही हं, मंगले. एका बाईनं तीन चकत्या खाणं म्हणजे प्रयोग नव्हे. पण आता लोकांना सूक्ष्मदर्शक कुठे दाखवू... तू दोन दिवस माझ्यावर लक्ष ठेव." मी ठेवलं. तिला काही झालं नाही. पोरीचं लग्नही ठरल्या दिवशी झालं आणि त्या पंगतीत स्वयंपाक विमलबाईच्याच गटाचा होता.

त्यानंतर आत्याचे मूग वाफवूनच ताटात यायचे. ती तीन प्रश्न अजूनही विचारायची, पण आवाज उतरला होता. विमलबाई मेहकरहून मलकापूरकडे कधी आली तर आत्याकडे वर जायची आणि जिना चढण्याआधी खालूनच हाक मारायची, "मुगवाल्या बाई, हात दाखवा!" नानाकाका खालच्या खोलीत पेपर वाचत असायचे. पेपर खाली घ्यायचे नाहीत. आत्यानं सांगितलेलं त्यांना पटलं होतं की नाही, मला शेवटपर्यंत कळलं नाही. मला तर संशय, पटलं होतं म्हणूनच पेपर खाली येत नसावा.

आत्या गेली त्या दिवशी मी बुलढाण्याहून पोचले, संध्याकाळी सगळं उरकलं, आणि मी तिच्या स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले. नळाच्या तोटीला मांजरपाटाचं फडकं टांगलं होतं. आत मूग. आदल्या रात्री झोपण्यापूर्वी बांधलेले असणार. कोंब नुसते डोकावत होते. मूठभरच, एका बाईपुरते. ती गेली होती आणि हे अजून येत होते... मी कितीतरी वेळ तिथे उभी होते. रडू आलं असतं, पण त्याआधी प्रश्न पडला, आता ह्यांचं काय करायचं? सुतकात आमच्याकडे चूल पेटत नाही, जेवण शेजारून येतं. आणि कच्चे मूग खाल्ले तर आत्या उठून बसली असती. टाकून द्यायला हात होईना. मी गाठोडं फ्रिजमध्ये ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमलबाई आली. जिन्याखालून हाक मारली नाही. वर येऊन आत्याच्या खाटेपाशी थोडी बसली. मी तिला गाठोडं दाखवलं. तिनं ते हातात घेऊन तोललं, वास घेतला आणि म्हणाली, "शेजारी गॅस आहे ना? मंग झालं तं." ती गेली आणि ताटली घेऊन आली. वाफवलेले मूग, वर फक्त मीठ. आम्ही खाली बसलो. प्रत्येकाच्या वाट्याला चमचा-चमचा. नानाकाका खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. ऐकू कमी येतं, डोळे मात्र शाबूत.

"काय आहे?" त्यांनी विचारलं.

"आत्याचे मूग," मी म्हणाले.

"वाफवले कोणी?"

मी विमलबाईकडे पाहिलं. तीच म्हणाली, "म्या."

नानाकाकांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी मान पुढे काढून ताटलीत डोकावून पाहिलं आणि हात पुढे केला. "दे. वाफ येऊन राह्यली ना अजून." चमचा तोंडात गेला. सावकाश चावून झाल्यावर ते म्हणाले, "मीठ कमी आहे." विमलबाई म्हणाली, "टाकते," आणि उठली.

सूक्ष्मदर्शक कधीच शाळेत परत गेला होता. आत्याची पुस्तकं राजूनं कपाटात लावून ठेवली. फडकं मी मागून घेतलं. आता ते माझ्या स्वयंपाकघरातल्या तोटीला असतं. स्वयंपाक मला अजूनही येत नाही, पण मूग बांधते आणि वाफवते. बांधण्याआधी फडकं उकळून घेते, वास घेते, आणि मग खिडकीशी जाऊन माझेच हात उजेडात धरते. कुणी धुतले? मीच. कशात? चालू नळाखाली. आणि पुसले कशाला?... तिसऱ्या प्रश्नाला मी दरवेळी खाली, पदराकडे बघते, आणि परत जाऊन हात धुते.